मलमलीचा समुद्र

लंडन, रविवार रात्र

प्रिय नंदू,

पत्राला उशीर झाला, शिव्या नंतर घाल. सोबतच्या फोटोची झेरॉक्स आधी बघ.

ब्रिटिश दंतकथांतला राजा आर्थर जखमी होऊन नावेत आडवा पडलाय, भोवती डोक्यावरून पदर घेतलेल्या राण्या. आता पाणी बघ. मलमलीचं कापड आहे ते! चंद्र तर निगेटिव्हच्या काचेवर चक्क ओरखडून काढलाय. फोटो १८७४ चा, काढणारी ज्युलिया मार्गारेट कॅमेरन. बाई जन्मली कलकत्त्यात. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लेक-जावयाने कॅमेरा भेट दिला, तिथून खरी सुरुवात. मग आइल ऑफ वाइट या इंग्लंडच्या बेटावरच्या घरात कोळशाच्या खोलीची डार्करूम झाली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ.

शेजारी राहायचा कवी टेनिसन. आर्थरच्या कथांवरच्या आपल्या काव्यासाठी फोटो काढ, असं त्यानेच सुचवलं. पण छापील पुस्तकात तिचे फोटो लाकडी ठशांवरून, एवढेएवढेसे आले. बाई खट्टू झाली आणि स्वतःच मोठ्या आकाराचं पुस्तक काढून मोकळी झाली. माणसं घरची नि आसपासचीच. आर्थर म्हणजे बेटावरच्याच यार्मथ बंदराच्या धक्क्यावरचा हमाल, जादूगार मर्लिन म्हणजे तिचा म्हातारा नवरा. रसायन लावलेली निगेटिव्हची काच ओली असेतोवर सगळं उरकायचं, वर कित्येक मिनिटं कुणी हलायचं नाही. आणि या नवरोबांना ऐन वेळी हसू फुटायचं!

तेव्हाचे जाणकार तिला नावं ठेवत: फोकस नाही, डाग पडलेत. त्यांना हेन्री पीच रॉबिन्सन हा फोटोग्राफर पसंत. ‘फेडिंग अवे’ हा मरणाऱ्या मुलीचा फोटो त्याने १८५८ साली पाच निगेटिव्ह जोडून केला, आणि सांधा शोधून सापडत नाही. पुढे टेनिसनच्याच कवितेतली शॅलॉटची लेडीही त्याने नावेत निजवली, चित्रकार मिलेच्या पाण्यात बुडणाऱ्या ऑफिलियाच्या (‘हॅम्लेट’मधली) चित्राची आठवण व्हावी अशी. हात सफाईदार, पण मला त्यात घामच जास्त दिसतो.

कॅमेरनबाई काही लपवतच नाही. आपल्या दशावतारात नाही का, त्याच बाकड्यावर इंद्र बसतो आणि त्याच बाकड्याचा डोंगर होतो? कापड कळलं तरी मी त्या नावेशी बराच वेळ थांबलो. राजा खरंच चाललाय असं वाटत राहिलं.

वहिनींना काही न सांगता दाखव. पाणी कापडाचं आहे हे त्यांना कधी कळतं, ते कळव.

तुझा,
बाळ्या