येळवशीला आलेल्या ताईंना

प्रिय ताई,

नाव लिहू नका असं फोनवर बजावलंत, म्हणून नुसतं ताई. वयानं मी मोठा, पण ज्यांच्यापुढं वही-पेन घेऊन बसलो त्यांना अगं-तुगं कसं करणार?

येळवशीला, म्हणजे आमच्याकडच्या वेळ अमावस्येला, तुम्ही लातूरला माहेरी आला होता. शेतातली भज्जी-आंबिल उरकून संध्याकाळी आमच्या अण्णांना भेटायला दारात आलात आणि पहिलं वाक्य काय, तर "काका, घरात गिरणी टाकली का?"

गिरणी नव्हती, डेलचा जुना आर ७२० सर्व्हर होता. अभ्यासिकेतल्या पोरांसाठी सराव परीक्षा आणि रेकॉर्ड केलेले तास त्यावर चालतात. मधे एकच भिंत. नीटची तयारी करणाऱ्या एका पोरीनं भर मार्चात विचारलं होतं, "सर, पाऊस चालू झाला का?" अण्णांनी तर दुपारचं झोपणंच सोडून दिलं होतं.

यात यंत्राचा दोष नाही. माणसं बसत नाहीत अशा खोलीसाठी ते बनवलेलं. वर मी त्यात भलत्याच कंपनीचं नेटवर्क कार्ड खोचलेलं. ते किती तापतं हे सर्व्हरला कळायला मार्ग नाही, म्हणून बिचारा खबरदारी घेऊन सहाही पंखे जोरात फिरवतो. हे तुम्ही सांगेपर्यंत मी दर रविवारी ब्लोअरनं धूळ काढत बसलो होतो!

पंखे आयड्रॅकच्या ताब्यात असतात, म्हणजे सर्व्हरच्या पोटातल्या वेगळ्या छोट्या संगणकाच्या. त्याला आयपीएमआयमधून, म्हणजे सर्व्हरच्या देखरेखीच्या ठरलेल्या भाषेतून, दोन हुकूम द्यायचे: आधी आपोआप चाल सोड, मग पंखे इतक्या टक्क्यांवर ठेव. टक्के मात्र सोळाच्या हिशोबात. २० टक्के हवे असतील तर १४ लिहायचं. माझं डोकं तिथंच अडकलं. अण्णा पलंगावरून म्हणाले, "आरं, वीस आणे म्हंजे एक रुपाया चार आणे. एक, चार. त्यात काय एवढं?" आडतीवर हिशोब लिहिलेला माणूस तो. तुम्ही किती हसलात!

हुकूम हातानं देता येतात, पण दुपारी प्रोसेसर तापला तर बघणार कोण? म्हणून तुम्ही डॉकरचा कंटेनर बसवला, म्हणजे आपल्या वेगळ्या कप्प्यात चालणारा छोटा प्रोग्राम. तो दर ६० सेकंदांनी प्रोसेसरचं तापमान बघतो. ५० अंशांच्या आत असेल तर पंखे २० टक्क्यांवर, वर गेलं की कारभार परत आयड्रॅककडं. कंटेनर त्याच सर्व्हरवर असल्यानं आयपीएमआयचं उपकरण थेट आत जोडलं, पासवर्ड कुठं लिहून ठेवायची भानगड उरली नाही. अर्ध्या तासात घर शांत.

खरे आभार मात्र त्याच्या पुढच्या पाच मिनिटांचे. मी चहा सांगायला उठलो, तर तुम्ही म्हणालात, "बसा. आता कंटेनर बंद करा." केला. पंखे पुन्हा किंचाळायला लागले. माझा चेहरा पडला, आणि तुम्ही म्हणालात, "हेच बघायचं होतं." नीट थांबवला तर कंटेनर जाताना कारभार आयड्रॅकला सोपवून जातो. पण जबरदस्तीनं मारला तर ती संधीच मिळत नाही. पंखे २० टक्क्यांवर अडकतात आणि सर्व्हर गुपचूप भाजत राहतो. ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलंत. दुसऱ्या कुणी शांतता करून चहा पिऊन निघून गेलं असतं.

एप्रिलमध्ये तुमच्या या सावधपणाचा पुन्हा प्रत्यय आला. लातूरचं ऊन तुम्हाला काय सांगायचं! पारा चाळिशीपार, प्रोसेसर ५० च्या काठावर, आणि पंखे एक मिनिट शांत, एक मिनिट बोंब. त्यापेक्षा सलग आवाज बरा. माझ्या मनात आलं, मर्यादा ७० करून टाकावी. तुम्ही फोनवर थांबवलंत: कंटेनर फक्त प्रोसेसर बघतो, डिस्क नाही, आधी डिस्कचं तापमान सांगा. ते खरंच चढलं होतं. मग पंख्यांचा किमान वेगच ३० टक्के केला, मर्यादा ५५ वर नेली, तो चढउतार थांबला. आता माझ्याकडं सेटिंगच्या दोन फायली आहेत, 'उन्हाळा' आणि 'येळवस'. आणि हो, कूलर सर्व्हरसमोरून हलवला. त्या ओल्या हवेवरून तुम्ही जे बोललात ते इथं लिहीत नाही.

लाईट गेली की इन्व्हर्टरही आता जास्त तग धरतो. वेग निम्मा झाला की पंख्याला लागणारी वीज साधारण आठव्या हिश्श्यावर येते म्हणालात, ते अण्णांनी आख्ख्या गल्लीला सांगून झालंय. ते ऐकून शेजारचा एक जण त्याच्या नव्या सर्व्हरचं विचारत आला होता. आयड्रॅक ९ चं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, ३.३४ किंवा त्यापुढचं असेल तर हे हुकूम चालत नाहीत, हे तुमचंच वाक्य मी त्याला ऐटीत ऐकवलं.

अण्णा पुन्हा दुपारी झोपतात. घोरतात, त्यावर कंटेनर नाही.

यंदा येळवशीला सर्व्हरकडं न जाता आधी शेतात या. आंबिलाचं बिंदगं तुमच्यासाठी वेगळं भरून ठेवतो.

तुमचा,
गिरणीवाला काका