मॅडम, इलेक्ट्रॉन कुणी दिला आणि कुणी घेतला हे बघायला शिकवलंत त्याबद्दल

मॅडम, नमस्कार.

तुमची माझी ओळख नाही. मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, बारावी सायन्स करून शेतीत उतरलो त्याला आता बरीच वर्षं झाली. तुमचे केमिस्ट्रीचे पाच-सहा मिनिटांचे मराठी व्हिडिओ मागच्या ऑक्टोबर छाटणीपासून बघतोय आणि तेव्हापासूनच हे पत्र लिहायचं डोक्यात होतं, पण बागेचं काम सुटत नाही तुम्हाला माहिती असेलच. आमच्याकडं शेतीची लाइट पाळीनं रात्रीची असते, ठिबकचा एक व्हॉल्व्ह सोडला की दुसरा फिरवेपर्यंत बांधावर बसून रहायचं, त्या मधल्या वेळात तुमचा एखादा व्हिडिओ निवांत बघून होतो, परत मागं घेऊन बघितला तरी वेळ उरतो.

पहिला बघितला तो मिठाचा. आम्ही कॉलेजात पाठ केलेलं की सोडियमला अष्टक, म्हणजे बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण करायचं असतं म्हणून तो इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि क्लोरीनला तो पाहिजेच असतो, झालं मीठ, दोन मार्क. तुम्ही सुरुवातीलाच म्हणालात की अणूला काही पाहिजे-बिहिजे नसतं, एनर्जीचा हिशोब मांडा. आणि खरोखर बोर्डवर मांडलात. एक मोल सोडियमचे इलेक्ट्रॉन काढायला 496 किलोजूल लागतात, क्लोरीननं ते घेतले की 349 च परत मिळतात, म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत 147 अंगावर पडले. इथं तुम्ही थांबलात आणि विचारलंत, मग मीठ तयार होतंच कसं? मी त्या रात्री मोबाईल खाली ठेवून खरंच विचार करत बसलो. मग पुढं सांगितलंत की प्लस आणि माइनस आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले आणि मिळवलेले अणू, एकमेकांना धरून स्फटिक रचतात तेव्हा 787 किलोजूल बाहेर पडतात, सगळी भरपाई तिथं होते, आणि त्याच पकडीमुळं मीठ वितळवायला 801 डिग्री लागतात. अष्टकाचा नियम तुम्ही खोटा नाही म्हणालात, पण त्याच्या मागं काय आहे ते दाखवलंत. हे मला आधी कुणी दाखवलं असतं तर केमिस्ट्री पाठांतराचा विषय वाटलाच नसता.

कोव्हॅलंट बाँडला, म्हणजे दोन अणू इलेक्ट्रॉन सामाईक ठेवतात त्याला, तुम्ही सामाईक विहिरीचं उदाहरण दिलंत ते तर आमच्या भावकीत घरोघरी सांगून झालं. विहीर दोघांची, पाणी दोघांचं, पण एकाची मोटर जादा एचपीची असली की पाणी त्याच्याकडं जास्त ओढलं जातं, तसा पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडं ओढतो. इलेक्ट्रॉन ओढायची ताकद मोजायच्या पॉलिंगच्या मापात ऑक्सिजन 3.44 आणि हायड्रोजन 2.20, एवढ्या फरकानं पाण्याला एक माइनसची बाजू येते आणि एक प्लसची, म्हणून तर मीठ पाण्यात विरघळतं आणि तेलात नाही.

पण मनापासून आभार मानायचेत ते बोर्डोच्या व्हिडिओबद्दल. आमचे आण्णा जन्मभर बोर्डो, म्हणजे द्राक्षावर रोगासाठी फवारायचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण, करत आले. 1 टक्क्याचं करायचं तर 1 किलो मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या बॅरलमध्ये फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवायचं, चुना वेगळा फोडून गाळून घ्यायचा, मग दोन्ही एकत्र करायचं, आणि फवारायच्या आधी घासून चकचकीत केलेला विळा त्या निळ्या पाण्यात बुडवून धरायचा. थोड्या वेळानं बाहेर काढला आणि पात्यावर तांबूस थर दिसला तर आण्णा म्हणायचे चुना कमी पडलाय, अजून घाल. पातं स्वच्छ निघालं की पंप भरायचा. मी लहानपणापासून हे बघत आलो आणि स्वतःही तसंच करत आलो.

तुमच्या व्हिडिओत तुम्ही मोरचूदाच्या पाण्यात खिळा टाकलात आणि एवढंच विचारलंत, इलेक्ट्रॉन कुणी दिला, कुणी घेतला? लोखंडानं दोन इलेक्ट्रॉन सोडले आणि ते पाण्यात उतरलं, पाण्यातल्या तांब्याच्या आयननं ते दोन घेतले आणि खिळ्यावर तांबं होऊन बसलं. मी तिथंच उठून उभा राहिलो मॅडम. आण्णांच्या विळ्यावर बसायचा तो थर म्हणजे चुन्यानं न पकडलेलं मोकळं तांबं! तेच मोकळं तांबं पानावर गेलं तर पान जळतं. चुना पुरेसा असला की तांबं न विरघळणाऱ्या रूपात साक्याला बसतं, ते पानाला चिकटून रहातं, त्यातनं थोडं थोडं तांबं सुटत रहातं आणि डाऊनीचा, म्हणजे द्राक्षावरच्या केवडा रोगाचा, बीजाणू रुजू देत नाही. लोखंडी बॅरलमध्ये बोर्डो कधी कालवायचं नाही हे आण्णा का सांगायचे तेही त्याच मिनिटात कळालं, कारण सगळ्या बॅरलचाच विळा होणार. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांना तो व्हिडिओ दाखवला, त्यांनी पूर्ण बघितला आणि म्हणाले, बाईंना आपलं काम माहितीय. आण्णांच्या तोंडून एवढं कौतुक सहजी निघत नाही.

बोर्डोची गोष्टही तुम्ही थोडक्यात सांगितलीत, फ्रान्समध्ये बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तोडू नयेत म्हणून बागायतदार मोरचूद-चुना शिंपडायचे आणि 1882 ला मिलार्डे नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की बरोबर त्याच वेलींवर डाऊनी नाही, मग त्यांनी प्रयोग करून 1885 ला ते जाहीर केलं. चोरी होऊ नये म्हणून केलेली युक्ती आज आमच्या तासगाव-पलूस-मिरजेच्या बागांपर्यंत आलीय, मला ही गोष्ट फार आवडली.

चुना फोडताना पाणी उकळायला लागतं त्याचाही हिशोब तुम्ही दिलात, 56 ग्रॅम कळीच्या चुन्याला पाणी दिलं की साधारण 65 किलोजूल उष्णता निघते. इथंच तुम्ही एक गोष्ट ठासून सांगितलीत की बाँड तुटताना कधीच एनर्जी मिळत नाही, तोडायला एनर्जी घालावी लागते, मिळते ती नवीन बाँड होताना. हायड्रोजन आणि क्लोरीनचं गणित घेतलंत, तोडायला 436 अधिक 242, नवीन दोन बाँड होताना 431 दुणे 862, वरचे 184 बाहेर. आमच्या इथं अकरावी-बारावीची पोरं याच्या बरोबर उलटं सांगतात, मी दोघा-तिघांना तुमचा व्हिडिओ पाठवलाय.

आणि नायट्रोजनचा व्हिडिओ. पिकाच्या डोक्यावर हवेत 78 टक्के नायट्रोजन आणि आम्ही युरियाच्या पोत्यासाठी दुकानापुढं उभे, हे मला आधी कोडंच होतं. तीन बाँडची ती जोडी तोडायला 945 किलोजूल लागतात, म्हणून कारखान्यात लोखंडाचा कॅटॅलिस्ट ठेवून 400-500 डिग्रीला आणि दीडशे-दोनशे पट दाबाखाली अमोनिया करावा लागतो. आणि तेच काम भुईमुगाच्या मुळावरच्या गाठीतले जिवाणू साध्या मातीत, साध्या उन्हात करतात. तुम्ही म्हणालात म्हणून मी भुईमुगाचं एक रोप उपटून गाठ नखानं फोडून बघितली, आतून गुलाबी निघाली. म्हणजे गाठ कामावर आहे. आता मळ्यात कोण आलं की मी त्यांना एक गाठ फोडून दाखवतोच.

तुमच्यासारखे व्हिडिओ करणारे खूप आहेत, हिंदीत इंग्रजीत तर रग्गड, पण बहुतेक ठिकाणी धूर, स्फोट, मोठ्यानं म्युझिक, आणि का झालं ते सांगायच्या आत व्हिडिओ संपलेला असतो. तुमच्या मागं नुसता पांढरा बोर्ड असतो आणि तुम्ही प्रश्न विचारून खरंच थांबता. ते थांबणं कृपा करून कमी करू नका, कुणी कितीही सांगितलं की व्हिडिओ अजून छोटे करा तरी. आणि मराठीत बोलताना इलेक्ट्रॉन, बाँड, एनर्जी हे शब्द जसे आम्ही बोलतो तसेच ठेवता त्यामुळं घरातलं कुणीही बघू शकतं. मंडळींनी हळदीचा व्हिडिओ बघून साडीवरच्या डागाला साबण लावला, लाल झाला, वर लिंबू पिळलं, परत पिवळा झाला, आणि मला बोलावून दाखवलं.

एक विनंती आहे. आता बेदाण्यावर व्हिडिओ करा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवला की तो एवढ्या लवकर का सुकतो आणि गंधकाची धुरी दिली की रंग सोनेरी का रहातो, हे आमच्या भागात शेकडो शेडवर चालतं आणि धुरीजवळ काम करणाऱ्या बायकांना त्या वायूपासून कसं जपायचं तेही त्यातच सांगा, तुमचं ऐकतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमचं शेड चालू असतं. बोर्ड आणि कॅमेरा घेऊन या, जेवणाची आणि रहायची सोय आमच्याकडं, आणि आण्णा विळा घासून ठेवतो म्हणालेत.

तुमचा,
तासगाव तालुक्यातला एक बागायतदार