दार उघडताना कडेला हात धरा

मा. संपादक,

वडिलांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी मी आजही पुण्यात चालवतो. गेल्या रविवारी नाट्यगृहाच्या वाहनतळावर ती मुद्दाम शेवटच्या जागेत, भिंतीलगत लावली, म्हणजे निदान एक बाजू तरी सुरक्षित. नाटक संपवून आलो तर डाव्या मागच्या दारावर रुपयाएवढा पोचा आणि त्याच्या मधोमध शेजारच्या गाडीचा पांढरा रंग. जीव हळहळला.

या गाडीचं उत्पादन थांबून वीसहून अधिक वर्षं झाली. नवं दार कुठून आणणार? पोचा आतून हळूहळू ठोकूनच काढावा लागतो. नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारला, तर पुढे पावसाळ्यात तो फुगतो.

आम्ही आमच्याकडून जपतोच. झाडाखाली लावत नाही, कारण पक्ष्यांची विष्ठा उन्हात रंग खाते. धुळीच्या गाडीवर कव्हर घालत नाही, वाऱ्याने ते पॉलिश पेपरसारखं घासतं. पण दोन गाड्यांच्या फटीत कुणी स्कूटर घुसवली आणि ब्रेकचा दांडा दारावरून ओढत नेला, तर काय करणार?

महापालिकेने वाहनतळावर पट्टे आखताना दोन गाड्यांत दार पुरतं उघडेल एवढी जागा सोडावी. पालकांनी मुलं उतरताना दाराच्या कडेला हात धरावा. आणि चुकून लागलंच, तर वायपरखाली फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. मी भांडणार नाही.

– एक वाचक, कोथरूड, पुणे