तासाचा दर नव्हे, तासाभराच्या प्रसारणाचा खर्च बघा

संपादक महोदय,

टीव्ही वाहिन्यांचा मनुष्यबळावरचा खर्च देशोदेशी किती, याच्या तक्त्यांत बहुधा महिन्याचे पगार डॉलरमध्ये बदलून एकाखाली एक मांडलेले असतात. त्यावरून 'स्वस्त' देश ठरवणे फसवे आहे.

फ्रान्स घ्या. ३५ तासांचा आठवडा, म्हणजे वर्षाचे १,८२० तास. पाच आठवड्यांची भरपगारी रजा (१७५ तास) आणि ११ सार्वजनिक सुट्ट्या (सगळ्या कामाच्या दिवशी आल्या तर ७७ तास) वजा केल्या की १,५६८ तास उरतात. सामाजिक सुरक्षेतला मालकाचा हिस्सा धरण्याआधीच कामाचा तास १६ टक्क्यांनी महागला. अमेरिकेत भरपगारी रजेची सक्ती करणारा केंद्रीय कायदा नाही. ४० तासांपुढे दीडपट ओव्हरटाइम आहे. पण लाखभर किंवा कमी वस्तीच्या शहरातल्या केंद्रांचे निवेदक, वृत्तसंपादक आणि मुख्य अभियंता काही अटींवर त्यातून वगळलेले. एकाच देशात दोन हिशेब!

खरी मेख वर्गीकरणात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या उद्योग-वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीत प्रसारण ६० व्या विभागात, तर कार्यक्रमनिर्मिती ५९ व्या. मालिका बाहेरच्या निर्मात्याकडे गेली की कॅमेरामन तोच, स्टुडिओ तोच. पण त्याची मजुरी ६० मधून ५९ मध्ये सरकते आणि वाहिनीच्या हिशेबात ती 'सेवा खरेदी' होते. माणूस कमी झाला नाही, रकाना बदलला. बीबीसी बड्या पगारांची यादी दरवर्षी जाहीर करते, पण तिच्याच 'बीबीसी स्टुडिओज' या व्यावसायिक कंपनीमार्फत मानधन घेणारे तीत दिसत नाहीत, ते याच जातीचे.

मग तुलना कशाची करावी? तयार बुलेटिनची. समजा एका पीसीआरमध्ये (कार्यक्रमाचे नियंत्रण जिथून होते त्या खोलीत) ऑटोमेशनवर, म्हणजे बरीचशी कामे संगणकावर सोपवून, पाच जण तासाला प्रत्येकी २० रुपयांनी काम करतात: १०० रुपये. दुसरीकडे व्हिजन मिक्सर (कॅमेऱ्यांची दृश्ये बदलणारा), साउंड, ग्राफिक्स, प्रॉम्प्टर अशी वेगवेगळी माणसे, एकूण १२, दर १० रुपये: १२० रुपये. निम्म्या दराचा देश महाग पडला. (ऑटोमेशनची यंत्रणा आणि तिची देखभाल अर्थातच वेगळी मोजावी लागेल.)

चलनाचेही तसेच. वाहिनीचा खर्च तोलायचा तर वर्षभराचा सरासरी विनिमय दर घ्यावा, एखाद्या दिवसाचा नको. क्रयशक्तीचा दर (तेवढ्या पैशांत त्या देशात किती वस्तू येतात, त्यावरून काढलेला) कर्मचाऱ्याचे राहणीमान तोलताना वापरावा. दोन्ही एकाच तक्त्यात मिसळले की आकडे निरर्थक होतात.

– एक वाचक