गहू भिजवू की नको, एवढे कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परळला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मी गेली 19 वर्षे उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे घालून विकते. त्यामुळे हवामानाची बातमी मी राशिभविष्याच्याही आधी वाचते.

कुरडयांचा गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे. चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, पाचव्या दिवशी पहाटे शिजवून घालायच्या. पुढे दोन दिवस कडक ऊन. म्हणजे गहू भिजवताना मला आजचे ऊन कामाचे नाही, पाच-सहा दिवसांनंतरचे हवे. आणि एकदा भिजवला की माघार नाही.

एप्रिलमध्ये आपल्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत आले, ‘देशावर अवकाळीचे सावट’. मी आठ किलोची ऑर्डर पुढे ढकलली. परळला आठवडाभर टळटळीत ऊन, थेंब नाही! बातमी खोटी नव्हती. त्याच आठवड्यात अचलपूरजवळ माझ्या भावाच्या बागेत गारा पडून आंबिया बहराची बारीक संत्री झडली. पण आतल्या पानावर हिमाचलचा बर्फ, आसामचे वादळ यांच्या मागे कुठेतरी विदर्भ, आणि सगळ्यात शेवटी ‘कोकणात उष्ण व दमट हवामान’. माझ्या कामाचे तेवढेच होते, आणि मी तिथवर वाचलेच नाही. चूक माझीही आहे.

हवामान खाते स्वतः असे सांगत नाही. नातीने मोबाइलवर दाखवले. देशाचे 36 उपविभाग. आपल्याकडे कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. प्रत्येकाचा दिवसागणिक इशाऱ्याचा वेगळा रंग. तिकडे निवडून ठेवलेले असते, छापताना त्याची भेळ होते.

शब्दांचेही तसेच. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर, हे मला परवापर्यंत माहीत नव्हते. मुसळधार म्हणजे 24 तासांत 64.5 मिमी किंवा जास्त. उष्णतेच्या लाटेला सपाटीवर निदान 40 अंश लागतात, किनाऱ्यावर 37 पुरतात, मात्र पारा सरासरीहून साडेचार अंश तरी वर हवा. मग नागपूर आणि मुंबई एकाच वाक्यात कशी बसवता?

मुंबई तरी कुठे एक आहे? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पडला, कुलाब्याला 75 सुद्धा नाही. आमचे हे कुर्ल्यात रात्रभर अडकले होते आणि कुलाब्याची माझी जाऊ फोनवर विचारत होती, “एवढं काय झालंय?”

पंचांगाच्या चौकटीखाली जागा असते, तिथे राज्याच्या चार विभागांच्या चार ओळी द्या: पाच दिवस, रंग, आणि धोका कशाचा, गारांचा, विजांचा की उन्हाचा. देशाचे त्याखाली येऊ दे. पावसाळ्यात भरतीची वेळ छापता, तसेच हे.

जमल्यास शुक्रवारच्या अंकापासून सुरू करा. शनिवारी मला दहा किलो गहू भिजवायचा आहे, पावसाळ्याआधीची शेवटची ऑर्डर आहे.

– आपली एक जुनी वाचक, परळ, मुंबई
(नाव छापू नये, गिऱ्हाइके आठ किलोचे विचारतील.)