धृतराष्ट्राला पत्ते खेळायला बसवू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पडद्यावरच्या गाजलेल्या जुगारांवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. मजा आली. पण लेखकाने सगळी वाहवा पानांना दिली आहे आणि नेमकं तेच मला पटलं नाही. मी बँकेत कॅशियर होतो. त्याहून महत्त्वाची ओळख म्हणजे एकोणतीस वर्षं डोंबिवली फास्टमधला रमीचा मेंबर. त्यामुळे चार ओळी लिहिण्याचा हक्क मला आहे असं समजतो.

'कॅसिनो रोयाल'मधला (2006) शेवटचा डाव घ्या. चौघांनी सगळं लावलंय. एकाकडे फ्लश (एकाच रंगाची पाच पानं), दोघांकडे फुल हाउस (तीन सारखी आणि दोन सारखी पानं) आणि बाँडच्या हातात इस्पिकची पंजी-सत्ती, म्हणजे टेबलावरची चव्वी, छक्की, अठ्ठी धरून स्ट्रेट फ्लश, एकाच रंगाची लागोपाठ पाच पानं! एका डावात इतकी पानं उतरली तर आमच्या डब्यात पहिला प्रश्न एकच निघाला असता : पिसले कोणी? (मूळ कादंबरीत हा खेळ बॅकरा नावाचा पत्त्यांचा दुसराच जुगार होता, चित्रपटवाल्यांनी त्याचा पोकर केला.) 'द सिनसिनाटी किड'मध्येही (1965) तेच. स्टीव्ह मॅक्वीनकडे एक्के-दश्श्यांचं फुल हाउस आणि समोरच्या म्हाताऱ्याकडे चौकटची स्ट्रेट फ्लश. पाच पानांत फुल हाउस साधारण 694 डावांत एकदा येतं आणि स्ट्रेट फ्लश जवळपास 65 हजारांत एकदा. ढोबळ गुणाकार केला तरी साडेचार कोटींत एक. आपले हिंदीवालेही मागे नाहीत, नायकाने पानं उलटली की तीन एक्के ठरलेलेच. तीन पत्तीत तीन पानांचे 22,100 डाव होतात आणि त्यात तीन एक्के फक्त चार वेळा. जाता जाता एक गंमत : ट्रेल (तीन सारखी पानं) 52 प्रकारे लागते आणि प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाची लागोपाठ तीन पानं) 48 प्रकारे. म्हणजे सिक्वेन्स जास्त दुर्मिळ, तरी दिवाळीत आपण सगळे ट्रेललाच मोठी मानतो. हे मी घरी एकदा सांगून पाहिलं. पुढच्या वर्षी मला पानंच वाटली नाहीत.

त्यापेक्षा 'काला पत्थर'मधला शत्रुघ्न सिन्हा परवडला. हातात दोन बादशा, तिसरा बादशा तो स्वतःच. तिथे निदान गणिताशी भांडण नाही.

मुद्दा असा, की खेळणारा पानांकडे फार वेळ बघतच नाही, तो समोरच्याकडे बघतो. आमच्या ग्रुपमध्ये ठाण्याला चढणारे एक काका होते. मांडीवर ब्रीफकेस, ब्रीफकेसवर पेपर आणि ओठांत कायम कुठलं तरी नाट्यपद. हातात जोकर आला की पद मध्येच थांबायचं. मुलुंड येईपर्यंत आम्ही सगळे सावध! पैज चहाच्या बिलाची असायची आणि ते बिल काकांना खूप जास्त वेळा भरावं लागायचं. का, ते त्यांना कोणी कधीच सांगितलं नाही. म्हणून 'राउंडर्स'मध्ये (1998) नायक समोरच्याची बिस्किट फोडण्याची लकब पकडतो ते पाहून मी खूश झालो आणि पुढच्याच मिनिटाला ती पकडल्याचं तो त्याला कळू देतो तेव्हा वैतागलो. डोंबिवलीकराने हे पाप केलं नसतं.

आता लेखात जे राहून गेलं ते. दूरदर्शनवर 1988 ते 1990 या काळात रविवारी सकाळी 'महाभारत' लागायचं. तळहातांत फासे घोळवणारा गुफी पेंटल यांचा शकुनी आठवला की आजही अंगावर काटा येतो. त्या द्यूताचा साधा उल्लेखही लेखात नाही. मूळ सभापर्वात तर फासे कसे पडले याचं वर्णन जवळजवळ नाहीच. युधिष्ठिर रत्नं लावतो, सोनं लावतो, रथ, हत्ती, घोडे लावतो आणि दर वेळी तीच ओळ येते : 'जितमित्येव शकुनिर्युधिष्ठिरमभाषत'. जिंकलं, शकुनी म्हणाला. बस्स. मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, स्वतः. आणि द्रौपदीला पणाला लावल्यावर व्यास कॅमेरा फिरवतात, पण फाशांवर नाही, धृतराष्ट्रावर. म्हातारा हर्षाने पुनःपुन्हा विचारतो, 'किं जितं, किं जितम्?' काय जिंकलं, काय जिंकलं? आणि पुढे दोनच शब्द : 'आकारं नाभ्यरक्षत'. चेहरा सांभाळता आला नाही त्याला. इतका वेळ गप्प बसलेल्या राजाचं पितळ तिथे उघडं पडतं. तेही आंधळ्या माणसाचं, ज्याला दुसऱ्या कुणाचा चेहरा कधी दिसलाच नाही! पोकरवाले ज्याला पोकर फेस म्हणतात, तो सुटल्याची याहून चांगली नोंद मला तरी माहीत नाही.

आणि पुरवणीत जागा असेल तर शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकातला जुगारी संवाहकही घ्या. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणलं, तेव्हा तो काही आपल्याला परका नाही. दहा सुवर्ण, म्हणजे सोन्याची नाणी, हरून, देणं चुकवून हा पळतो. मूर्ती नसलेल्या एका देवळात उलट्या पावलांनी शिरतो, म्हणजे ठसे बाहेर गेल्यासारखे दिसावेत, आणि आत देव होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे दोघे ते ओळखतात. पण त्याला धरत नाहीत. तिथेच, त्याच्या पुढ्यात, खेळायला बसतात. देव बिचारा स्वतःला बजावतो, नाही खेळणार. फासे खुळखुळत राहतात. एक म्हणतो, डाव माझा. दुसरा म्हणतो, डाव माझा. आणि देव पुढे सरसावतो : छे, माझा!

आपला,
एक जुना पासधारक, डोंबिवली