सन ११७५ म्हणजे इसवी सन नव्हे!

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शहरातल्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीने दुर्मिळ ऐतिहासिक कागदपत्रांचं प्रदर्शन भरवलंय असं कळलं म्हणून रविवारी सकाळी नातीला घेऊन रिक्षाने तिथे गेलो, तर रविवारी बंद. वॉचमन म्हणाला, आजोबा, लायब्ररी आहे, मॉल नाहीये. बरं. मंगळवारी दुपारी उन्हात परत गेलो, एकटाच, कारण नात शाळेत.

आधी चांगलं ते सांगतो. कागद खरंच बघण्यासारखे आहेत. हातकागद, कडा झिजलेल्या, पण शाई अजून काळीभोर, काजळाची असल्यामुळे ती उडत नाही (आमच्या घरातल्या नव्वद सालच्या फॅक्सचे कागद मात्र कोरे पडलेत). पानभर शिरोरेघा आधी ओढून घ्यायच्या आणि मग बोरू न उचलता अक्षरं खाली लटकवत जायची, ही मोडी लिपीची सगळी गंमत तिथे अगदी हातभर अंतरावरून दिसते. एका पत्रावर तर शाई वाळवायला टाकलेल्या वाळूचे कण अजून चिकटलेत, जरा वाकून तिरपं बघितलं की चमकतात.

आता तक्रार. तिसऱ्या कपाटात एक पत्र आहे, त्याखाली चिठ्ठी, 'मोडी पत्र. सन ११७५.' संपलं. माझ्या पुढे एक ताई मुलाला सांगत होत्या, "बघ, साडेआठशे वर्षांपूर्वीचं आहे, शिवाजी महाराजांच्याही कितीतरी आधीचं." त्यांची काय चूक? चिठ्ठीत आकडा आहे तो त्यांनी वाचला. पण हा शुहूर सन आहे हो, मराठेशाहीच्या कागदांत चालायची ती वेगळी कालगणना! मूळ पत्रात 'खमस सबैन मया व अलफ' असं लिहिलंय, म्हणजे अरबीत पाच, सत्तर, शंभर आणि हजार, ११७५. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७४ येतं. हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी बदलायचं, त्यामुळे पत्र एक जानेवारी ते मृग ह्या दरम्यानचं असेल तर ६०० मिळवायचे. म्हणजे नाना फडणीस वगैरे बारभाई कारभार बघायचे तो काळ, सवाई माधवराव पेशवे तेव्हा अजून पाळण्यात होते! आणि मला खरा राग कशाचा आला माहितीये, ज्याने ही चिठ्ठी लिहिली त्याला मोडीही येत होती आणि अरबी आकडेही येत होते, अवघड ते सगळं त्याने केलं आणि बेरजेपाशी येऊन थांबला.

तो मुलगा भलता चौकस. म्हणाला, "आजोबा, पण लिहिलंय काय त्यात?" मी रिटायर झाल्यावर मोडीचा क्लास केलाय, फार येत नाही, पण अडखळत सात-आठ ओळी वाचल्या. कुणीतरी वरच्या कारकुनाला कळवतोय की घोड्यांना वैरण नाही, दोनदा लिहिलं तरी पैसे आले नाहीत. मुलगा म्हणतो, "म्हणजे याचा पॉकेटमनी संपलाय." दहा मिनिटांत आमच्याभोवती पंधराएक माणसं जमली, सगळी विचारतायत ह्यात काय आहे, त्यात काय आहे, आणि मला पुढचं लागेना. पलीकडच्या पत्राखालचं 'मोर्तब सुद' (पत्र पुरं झाल्याची शिक्क्याची खूण) तेवढं वाचून दाखवलं, तिथे शिक्का होता म्हणून ओळखलं.

अहो, शेजारी बाळबोधीत, म्हणजे आपल्या देवनागरीत, लिप्यंतराचा एक ए-फोर कागद लावायला किती खर्च येतो? इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले, रियासतकार सरदेसायांनी १९३० ते ३४ मध्ये पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापून घेतले, आणि इथे एका हॉलमधल्या तीसेक पत्रांचं होत नाही? माणसं नाहीत म्हणावं तर भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग होतात, शिकलेली मंडळी आहेत, आणि २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायच्या होत्या तेव्हा सरकारला मोडी वाचणारे सापडलेच की. त्यातल्या एखाद्याला रोज दोन तास तिथे खुर्ची टाकून बसवा, मानधन द्या, लोक रांग लावतील.

अजून एक. कपाटांवर फोकसचे दिवे सोडलेत, काच हाताला गरम लागते. म्युझियमवाले जुन्या कागदावर ५० लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत, इथल्या उजेडात लग्नाचा अल्बम निघेल. फ्लॅशला पण कुणी अडवत नाही.

तिथल्या मॅडमना तारखेचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, काका, सूचनावहीत लिहा. वही होती, पेन दोरीने बांधलेलं होतं, पेनात रिफिल नव्हती. म्हणून तुम्हाला लिहितोय.

शुक्रवारी अर्धा दिवस शाळा होती म्हणून नातीला घेऊन पुन्हा गेलो. चिठ्ठी तशीच. पेन्सिलीने खाली 'अधिक ५९९' लिहिलं असतं, पण कपाटाला कुलूप. प्रदर्शन महिनाअखेरपर्यंत आहे, अकरा ते पाच. तिसरं कपाट, डाव्या हाताला. बेरीज घरून करून जा.

आपला,
एक जुना वाचक, सदाशिव पेठ, पुणे